वाफसा की वापसा

आधी चहा घ्या, मग शब्द घ्या. कारण मी केलेला घोटाळा सांगायचा, तर त्याआधी एक शब्द तुमच्यासमोर नीट मांडून ठेवावा लागेल. शब्द आहे 'वाफसा'.

पाऊस पडून गेला, की काही काळ रान नुसता चिखल असते. पाऊल टाकले, की चिखल चप्पल काढून घेतो आणि परत देत नाही. मग थोडे पाणी खाली मुरते, थोडे वाफ होऊन उडून जाते, आणि एक दिवस असा उगवतो, की माती मुठीत घेतली तर तिचा लाडू वळतो आणि तोच लाडू खाली टाकला तर फुटतो. ओल तर आहे, पण चिकटपणा नाही. मातीच्या या शहाण्या अवस्थेला वाफसा म्हणतात. एवढी नेमकी अवस्था एका शब्दात सांगणारी आपली भाषा आहे, याचा मला अभिमान होता. अजूनही आहे; पण आता तो मी घरात ठेवतो, फळ्यावर लिहीत नाही.

आमच्या मराठवाड्यात मात्र या शब्दाला सगळेच 'वापसा' म्हणतात. 'फ'चा 'प'! मला तर जेवताना दाताखाली खडा आल्यासारखे होते. तुम्ही म्हणाल, "मुखेडकर सर, एका अक्षराने असे काय बिघडते?" तेच तर सांगायला बसलो आहे. त्या एका अक्षरापायी मी एका रविवारी सकाळी लातुरातली आमची अख्खी वसाहत अंथरुणा-पांघरुणासह उघड्यावर आणली. आणि त्या पळणाऱ्यांत सर्वांत पुढे कोण होते? हसू नका. मीच होतो.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा दोन-तीन वर्षे झाली असतील. माणसे वरवर सावरली होती. पण शेजारी कोणी पलंग सरकवला, तरी अर्धी गल्ली अंगणात येऊन उभी राही. घराघरांत भूकंप ओळखण्याची यंत्रे होती. आमच्या घरचे यंत्र म्हणजे फडताळावर उपडा ठेवलेला तांब्या आणि त्याच्या बुडावर तोल सांभाळून उभा केलेला पितळी पेला. पेला पडला की पळायचे, असा आमच्या सौभाग्यवतींचा, म्हणजे नलिनीचा, नियम होता. मांजराने तो आठवड्यातून एकदा तरी पाडावा आणि आम्ही आठवड्यातून एकदा तरी पळावे, असे आमचे आयुष्य सुरळीत चालले होते.

त्याच सुमारास लातुरात दुसरा एक हादरा बसू लागला होता. तो शिकवण्यांचा. गावोगावची मुले ट्रंका आणि गाद्या घेऊन लातुरात उतरत होती. ज्याच्या घराला दोन खोल्या, त्याने एक मुलांना दिलेली; आणि ज्याला एकच खोली, तो जिन्याखालच्या जागेकडे विचारपूर्वक पाहत उभा!

अशा त्या दिवसांत आमच्या महाविद्यालयातल्या बालाजी सूर्यवंशी सरांनी नोकरीचा राजीनामा दिला. ते पदार्थविज्ञान शिकवीत, मी मराठी आणि संस्कृत. निलंग्याकडच्या शेतकरी घरातला माणूस, पण शिकवण्याची विलक्षण हौस. गतीचे नियम शिकवताना स्वतः टेबलावरून उडी मारून दाखवायचे. एकदा पाय मुरगळला, तर त्याच पायावर घर्षणाचा पाठ घेतला. त्यांनी ठरवले, की बारावीच्या परीक्षेआधीच्या उजळणीचा आपला स्वतःचा वर्ग काढायचा.

जागा मिळाली ती आमच्याच वसाहतीच्या टोकाला, औशाच्या रस्त्यालगत. पण सखल, आणि शेजारी ओढा. दोन हात खणले की पाणी. त्यावर सूर्यवंशींनी पत्र्याची लांबलचक शेड उभारली. पक्के छत का घातले नाही, म्हणता? अहो, भूकंपानंतर स्लॅबखाली मूल बसवायला कोणी पालक तयार होईना. 'वर पत्रा आहे' म्हटले, की तेच पालक लगेच खूश.

अडचण वर नव्हतीच. ती पायाखाली होती. शेडमधली जमीन काही केल्या सुकेना. फरशीवाले करीमभाई शहाबादी फरशीचा हातगाडा घेऊन येत, ओणवे होऊन जमिनीवर तळहात टेकवीत आणि मान हलवीत.

"निच्चे से पानी आरा, सर. फरशी बैठेगीच नै. आज बिठाऊँगा, कल नाव के सरीका हिलती."

करीमभाईंच्या घरात हा व्यवसाय कितीतरी पिढ्यांचा. लातुरातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत त्यांच्या घराण्याची फरशी. आणि बोलण्याचा पट्टा असा, की फरशीवरून पाय घसरावा.

समोरच्या चहाच्या टपरीवर बसून सूर्यवंशींनी आम्हाला त्यामागचे शास्त्र सांगितले. "कंदिलाच्या वातीतून रॉकेल वर चढतं की नाही, तसंच हे. मातीच्या कणांमधल्या फटी केसाहून बारीक. खालचं पाणी त्या फटींतून वर चढतं. वर आलं की वाफ होऊन उडून जातं. जागा रिकामी झाली की खालून दुसरं हजर! वरून माती सुकेल तशी वाफ जरा कमी होते. पण पाणी एवढं जवळ असल्यावर वरचा थर सुकतोय कशाला? त्यात हे पाणी खारट. पाणी उडून जातं आणि खार वर बसून राहतो. ते सकाळी पांढरं पांढरं दिसतंय ना, ते तेच."

"मग उपाय काय?" मी विचारले.

"काय न्हाई. वापसा आला की फरशी घालायची."

"वाफसा," मी म्हणालो.

"तेच ते, सर."

"तेच ते कसे? मूळ शब्द वाफ. वाफेवरून वाफसा. तुम्ही आत्ता तोंडाने वाफ-वाफ म्हणालात आणि शब्द उच्चारताना मात्र ती वाफ कोंडून टाकलीत!"

तेवढ्यात करीमभाई बशीतला चहा संपवून म्हणाले, "वापसाच सही है, सर. पानी उप्पर आया, और वापस गया. वापस... वापसा! इसमें झगड़े की बात क्या है?"

माझ्या हातातला चहा धोतरावर सांडला. शुद्ध मराठी मातीतल्या शब्दाला कोणी माझ्यादेखत असे परक्या घरी दत्तक द्यावे?

"करीमभाई, 'वापस' हा शब्द फारसी आहे!"

"हौ ना, सर. आप का झगड़ा फारसी से, मेरा झगड़ा फरशी से. दोनों का पानी सूखने तक रुकना पड़ेगा."

टपरीवर हशा पिकला. मी हसलो नाही. 'वापस' हा शब्द माझ्या तोंडून उभ्या जन्मात बाहेर पडणार नाही, असे मी तिथे चारचौघांत जाहीर केले. हे वाक्य ध्यानात ठेवा.

पुढच्या रविवारी पालकांचा मेळावा ठरला होता. नायगाव, भोकर, औसा अशा गावांहून पालक मुलांना घेऊनच येणार होते. जागा पाहायची, सरांना पाहायचे आणि मन भरले तर मूल तिथेच ठेवून जायचे. सूर्यवंशींचे सगळे भवितव्य त्या एका सकाळवर उभे होते.

"सर," ते मला शनिवारी म्हणाले, "उद्या पोरं बसली तर क्लास. न्हाई बसली, तर कॉलेजात परत जायला मला तोंड न्हाई. गावाकडं जाऊन तूर कापत बसावं लागेल."

त्यांचा आवाज एरवी टेबलावर उभा असल्यासारखा असे. त्या दिवशी तो खाली उतरला होता.

शेडमधली जमीन ओलीच होती. म्हणून मेळावा शेजारच्या मोकळ्या मैदानात सतरंज्या टाकून घ्यायचे ठरले. सूर्यवंशी पालकांना आणायला सकाळीच बसस्थानकावर जाणार होते. म्हणून शनिवारीच त्यांनी एक काम माझ्यावर सोपवले.

"सर, तुमचं अक्षर चांगलं. फाटकावर फळा टांगलाय. त्याच्यावर लिहून टाका : जमिनीला वापसा नाही, मेळावा मैदानात. बास. एवढंच."

एवढंच! कोणत्याही भाषाशिक्षकाला 'एवढंच' म्हणून कधी फळ्यापुढे उभे करू नये.

मी खडू घेऊन विचारात पडलो. 'वापसा' लिहिणे शक्यच नव्हते. 'वाफसा' लिहावे, तर करीमभाईंची फरशी-गाडी रोज त्या फाटकावरून जाई; ते थुंकी लावून 'फ'चा 'प' करतील, अशी मला खात्री होती. मग सुचले, की शब्दावर वाद असेल, तर शब्द टाळावा आणि अर्थ लिहावा. अर्थावर कोण बोट ठेवणार? आणि मी वळणदार अक्षरात लिहिले :

'सूचना : येथील भूमीतून अद्याप वाफ निघत आहे. ती पूर्णपणे थांबेपर्यंत कोणीही आत पाऊल ठेवू नये. सर्वांनी मोकळ्या मैदानात जमावे.'

दोन पावले मागे सरून मी ते वाचले. शास्त्र अचूक. क्रियापदे जागच्या जागी. 'पाय टाकू नये' नव्हे, 'पाऊल ठेवू नये'. हात झटकून समाधानाने घरी आलो.

तुमच्या लक्षात आले ना? भूकंपाने पोळलेल्या गावात, फाटकावर, मोठ्या अक्षरांत मी काय लिहिले होते, ते? मग मला सांगा, माझ्या लक्षात का आले नाही? कारण मी वाक्य वाचत होतो. लातूर वाचत नव्हतो.

रविवार उजाडला. मार्गशीर्षातली कडक थंडी. नायगावचे मारोतराव आपल्या मुलीला, रेणुकाला, घेऊन पहिल्या बसने आले. स्थानकावर त्यांची आणि सूर्यवंशींची चुकामूक झाली, म्हणून ऑटो करून ते थेट शेडपाशी उतरले. डोक्यावर ट्रंक, काखेत गादी. त्यांनी फळा मोठ्याने वाचला. ऑटोवाल्याने तो ऐकला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि पत्र्याच्या फटीतून आत डोकावले.

आणि आत काय दिसावे? खरोखरच वाफ! थंडीच्या सकाळी ओली जमीन हवेपेक्षा उबदार असते. पूर्वेच्या खिडकीतून ऊन तिच्यावर पडत होते आणि मातीवरून पांढुरक्या वाफेच्या बटा सावकाश वर चढत होत्या. खाली कडेकडेने पसरलेला तो पांढरा थर.

"आरं बाप्पा," ऑटोवाला म्हणाला, "राख बी पडलीय!"

पुढचे मला नंतर कळले, पण क्रम असा होता. टपरीवर बातमी पोचली, तेव्हा ती वाफ होती. किराणा दुकानापाशी तिचा धूर झाला. पिठाच्या गिरणीजवळ जमिनीला तडा गेला. आणि आमच्या घरी आली, तेव्हा त्या तड्यातून लाल रस वाहू लागला होता.

मी न्हाणीघरात होतो. डोळ्यांत साबण. बाहेरून नलिनीचा आवाज आला.

"अहो, निघा बाहेर! सूर्यवंशी सरांच्या शेडखाली जमीन फाटलीय!"

"अफवा असेल," मी आतून म्हणालो. "शहानिशा केल्याविना..."

"शहानिशा मैदानात करा! सरकारी माणूस येऊन फळा लिहून गेलाय म्हणे. अफवा कधी फळ्यावर लिहितात का?"

तेवढ्यात लगबगीत तिचा पदर फडताळाला लागला आणि पितळी पेला खणखणत खाली आला. मग मात्र शास्त्र, तर्क, साबण, सगळे मागे राहिले. अर्धे धोतर नेसलेले, अर्धे हातात, अशा अवस्थेत मी घराबाहेर पडलो. जाताना जे सर्वांत मोलाचे वाटले, ते उचलले.

मैदानात पोचल्यावर नलिनीने माझ्याकडे पाहिले. तिच्या हातात शिट्टीला आलेला कुकर होता. माझ्या छातीशी शब्दकोशाचा जाडजूड खंड.

"बायको मागं राहिली तरी चालेल," ती म्हणाली, "पण शब्द बुडता कामा नयेत!"

"तू पुढेच होतीस," मी म्हणालो.

"मी कुकर घेऊनसुद्धा तुमच्या मागं होते. सगळ्या वसाहतीनं बघितलंय."

आणि खरेच सगळी वसाहत तिथे होती. सतरंज्या सूर्यवंशींनी आदल्या दिवशीच अंथरल्या होत्या, त्यामुळे लोकांची चांगली सोय झाली. कोणी दूरदर्शन संच आणला होता, कोणी देव. मधोमध, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलेला साक्षीदार म्हणून, मारोतराव ट्रंकेवर बसले होते.

मी चष्मा पुसत पुढे झालो. "फळ्यावर नेमके काय लिहिले आहे?"

"गुरुजी, लई वंगाळ लिवलंय," मारोतराव म्हणाले. "हितल्या जमिनीतून वाफ निघू लालीय म्हणं. थांबंपस्तोर कुनी आत पाय टाकू नये म्हणं."

"'पाय टाकू नये' असे लिहिले आहे?" मी कपाळाला आठ्या घातल्या.

"न्हाई, न्हाई. जरा भारी होतं. काय की बाप्पा ते... 'पाऊल ठेवू नये'."

"हां! हे योग्य."

"आन् जमिनीतून न्हाई, 'भूमीतून अद्याप'."

"'अद्याप'?" मी चपापलो. लातुरात फाटकावर 'अद्याप' लिहिणारा माणूस! "शेवटचे क्रियापद काय होते?"

"'जमावे'. मोकळ्या मैदानात जमावे."

मला भरून आले. लोक माझ्या तोंडाकडे पाहत होते. एकाने विचारले, "सर, तुम्हाला काय वाटतं? खरं असेल का हे?"

आता काय झाले होते मला, कोण जाणे! मी शब्दकोश छातीशी धरून एका दगडावर चढलो आणि म्हणालो :

"मित्रहो, भाषेवरून माणसाची पारख होते. ही वाक्ये पाहा. एकही शब्द अधिक नाही, एकही उणा नाही. हे लिहिणारा मनुष्य विचारी आहे, संयमी आहे, विद्वान आहे. असा मनुष्य सांगतो, की वाफ निघत आहे. तर वाफ निघतच असली पाहिजे!"

माझ्या आयुष्यातले सर्वांत परिणामकारक भाषण ते. तोवर जे दोन-चार जण 'बघू या' म्हणत होते, त्यांचाही धीर सुटला. मारोतराव उठले, ट्रंक डोक्यावर घेतली.

"चल गं रेणुके. नायगावलाच शीक."

"पण बाबा..."

"पण न्हाई आन् बिन् न्हाई. गुरुजी बोलले न्हाईत का आत्ता?"

त्यांच्यामागे औशाहून आपापल्या मुलांना घेऊन आलेले तीन-चार पालक निघाले. सगळे रस्त्याकडे, बसच्या थांब्याकडे.

त्याच वेळी दोन ऑटो भरून भोकरचे पालक घेऊन सूर्यवंशी सर येऊन पोचले. एका बाजूला सतरंज्यांवर बिऱ्हाडे, दुसऱ्या बाजूला ट्रंका घेऊन निघालेले पालक. त्यांना काही उमगेना.

"सर, हे काय चाललंय?"

"सूर्यवंशी, धीर धरा," मी दगडावरून खाली उतरत म्हणालो. "तुमच्या शेडखालून वाफ निघते आहे."

"ती तर महिनाभर निघतीय! मीच नाही का सांगितलं तुम्हाला?"

"पण आता तसा फळा लागला आहे. कोणा तज्ज्ञाने लिहिला आहे. भाषा अत्यंत..."

"कुठला फळा?"

"तुमच्या फाटकावरचा."

सूर्यवंशी माझ्या उजव्या हाताकडे पाहू लागले. मीही पाहिले. नखांच्या कडेला कालचा खडू अजून होता.

नलिनीने कुकर खाली ठेवला. आमच्या संसारात तिने कुठलीही वस्तू इतक्या शांतपणे खाली ठेवल्याचे मला आठवत नाही.

"तज्ज्ञ," ती म्हणाली. एवढेच.

सूर्यवंशी ओरडले असते, तर बरे झाले असते. ते सतरंजीच्या कडेवर बसले. थांब्याकडे हात करून हळूच म्हणाले, "सर, बस दिसायलीय वळणावर. त्यांना थांबवा. माझं ऐकायचे न्हाईत ते. तुमच्यावरच विश्वास बसलाय त्यांचा."

वळणावर खरोखरच लाल बस दिसत होती. मारोतराव ट्रंक सावरत हात करत होते. मी शब्दकोश नलिनीच्या हाती दिला, धोतर गुडघ्यांवर घेतले आणि धावलो. धावता धावता ओरडलो. काय ओरडलो, ते शेवटी सांगतो. पण ते ऐकून मारोतराव थबकले, मागचे थबकले, आणि बस धूळ उडवत त्यांच्याविनाच पुढे गेली.

मी धापा टाकीत समजावू लागलो. "मारोतराव, घाबरू नका. हे केवळ केशाकर्षण आहे!"

"केस?" मारोतरावांनी मुलीच्या वेण्यांकडे पाहिले. "केसाला काय व्हतंय?"

"सर, तुम्ही थांबा," सूर्यवंशी मागून येत म्हणाले. त्यांच्या आवाजात आता टेबलाची उंची परत येत होती. त्यांनी टपरीवरून एक टोस्ट आणि बशीभर चहा मागवला. "ये गं पोरी. ह्या टोस्टचं फक्त टोक चहाला लाव. बुडवू नको."

रेणुकाने टोक लावले. सगळे वाकून पाहू लागले. तपकिरी ओल टोस्टमधून सावकाश वर चढू लागली.

"टोकच लावलंस ना? मग वर कसा चढला?"

"भोकं हायत की त्याला. बारीक बारीक."

"शाब्बास. आता हा उन्हात धरला, तर?"

"चहा वाळून जाईल," तिने क्षणभर विचार केला. "साखर वरच राहील."

"मग आमच्या शेडमधली राख म्हणजे काय?"

ती उत्तर द्यायला थांबलीच नाही. पळत शेडमध्ये गेली, बोटाने तो पांढरा थर उचलून जिभेला लावला आणि तोंड वाकडे करून दारातून ओरडली, "बाबा, खारट हाय! मीठ हाय नुसतं!"

मारोतरावांनी ट्रंक खाली ठेवली. तिच्या तळाचा धप्प आवाज झाला, तो सूर्यवंशींच्या वर्गाचा शुभारंभ. भोकरचे, औशाचे, सगळे पालक सतरंज्यांवर बसले. वसाहतीतले लोकही उठले नाहीत. वाफ, माती आणि मीठ यांवर पहिला पाठ उघड्यावरच झाला. शेवटी सूर्यवंशी उत्साहात, मी चढलो होतो त्याच दगडावरून उडी मारणार होते. मी त्यांना धरले.

पुढे करीमभाईंनी मातीवर जाड खडीचा थर घातला. खडीतल्या फटी मोठ्या. तेवढ्या फटींतून पाणी वर चढत नाही. वर फरशी बसली, ती आजतागायत हललेली नाही. वर्ग इतका वाढला, की शेडच्या जागी तीन मजले उभे राहिले. रेणुका तिथेच काही वर्षे पदार्थविज्ञान शिकवून गेली. फळा मात्र पुन्हा कोणी माझ्या हाती दिला नाही.

आता शेवटचे. हा किस्सा लातुरात अजून सांगतात, आणि सांगताना एक चूक करतात. मी सर्वांत आधी पळालो, असे म्हणतात. ते खरे आहे. मी स्वतःच्याच वाक्याची स्तुती केली, असे म्हणतात. तेही खरे आहे. पण माझे विद्यार्थी आदरापोटी पुढे असे सांगतात, की त्या धांदलीतही मुखेडकर सरांनी भाषा सोडली नाही, धोतर सावरत ते ओरडले, "पालकहो, कृपया परतावे!"

हे साफ खोटे आहे. तेवढे मोठे वाक्य पुरे होईपर्यंत बस औशाला पोचली असती. मी ओरडलो ते असे :

"अरे, वापस! वापस चला! वापस!"

रस्त्याच्या कडेला फरशीच्या गाड्यावर करीमभाई बसले होते. ट्रंका घेऊन मागे फिरलेली ती सगळी माणसे त्यांनी नीट पाहून घेतली, मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले :

"देखो सर. आ गया ना वापसा?"